चढती लय

त्या बँडची गाणी मी चार वर्षं फक्त लोकलमध्ये ऐकली. ठाण्याच्या ९-१० नंबरवरून सुटणारी सकाळची वाशी गाडी. खिडकी मिळाली तर डोळे मिटून, नाही मिळाली तर दांडीला धरून उभ्यानं, कानात हेडफोन. एका बाजूला एमआयडीसीतले कारखाने आणि त्यांच्या मागे पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला सिडकोच्या इमारती, मधे मी आणि ती नऊ गाणी. ऐरोली, रबाळे, घणसोली. कोपरखैरणे आलं की मी न चुकता डोळे उघडायचे, कारण तिथं आमचं घर आहे. माहेर म्हणायला हवं खरं तर, पण मी त्याला घरच म्हणते.

गाणी हिंदी आहेत. गाणारा मुलगा असा गातो की शेजारच्या खोलीत कोणी झोपलंय आणि त्याला उठवायचं नाहीये. गिटारची तार बोटाच्या पोटानं छेडलेली, नखानं नाही. ड्रम आहेत, पण वरच्या मजल्यावर कोणी अनवाणी चालावं तसे. घरच्या घरी, एका खोलीत, लॅपटॉपवर ध्वनिमुद्रित केलेली गाणी आहेत ती आणि त्या खोलीच्या भिंती त्यांत ऐकू येतात. इंडी म्हणतात हल्ली या साऱ्याला. कुठल्या मोठ्या कंपनीच्या आधाराशिवाय, आपल्या पैशानं, आपल्या मर्जीनं केलेलं संगीत.

बँडचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही आधी ती गाणी शोधाल, ऐकाल आणि मला जे सांगायचंय ते तुम्हाला पटणारच नाही.

गेल्या जानेवारीत भाचीचा फोन आला. "मावशी, तुझा बँड येतोय. नेरूळला. तिकिटं काढू?" ती एकोणीस वर्षांची आहे, इंजिनीअरिंगला आहे, आणि कॉलेजच्या बँडला आवाजाचं सगळं तीच बघून देते. मी हो म्हटलं, पण मनात धास्ती होती. इतकी हळू गाणी मोकळ्या मैदानात टिकायची कशी? लोक मधेच बोलतील, खायला उठतील, पलीकडून हायवेवरच्या ट्रकचे हॉर्न येतील. मला त्यांची काळजी वाटत होती. आपलं पोर पहिल्यांदा गॅदरिंगमध्ये उभं राहणार असावं, तशी.

नेरूळचं तसं संगीताशी आता मोठं नातं झालंय. सायन-पनवेल हायवेला लागून डी. वाय. पाटील स्टेडियम आहे. बांधलं ते क्रिकेटसाठी, २००८ साली सुरू झालं. पण १५ डिसेंबर २०१९ ला तिथं यू-टू हा आयरिश बँड वाजवून गेला आणि २०२५ च्या जानेवारीत १८, १९ आणि २१ या तीन रात्री कोल्डप्ले हा ब्रिटिश बँड. त्या आठवड्यात आमच्या लोकलमध्ये देशभरातली पोरं होती, हातात बॅगा, "नेरूळ कधी येणार?" असं विचारणारी. माझ्या लहानपणी नेरूळला जायचं कारणच नसायचं. रॉक ऐकायचं तर धोबीतलावच्या रंगभवनात जायचं, असं आमच्या चाळीतली मोठी मुलं सांगायची. १९८६ पासून तिथं इंडिपेंडन्स रॉक नावाचा महोत्सव भरायचा, देशातले बँड यायचे, आणि ही मुलं ट्रेननं जाऊन घामानं चिंब होऊन परत यायची. पुढं शेजारच्या रुग्णालयांमुळं आणि कॉलेजमुळं तो भाग शांतता क्षेत्र ठरला आणि ते उघडं नाट्यगृह रात्रीच्या मोठ्या आवाजाला बंद झालं. मी तिथं एकदाही गेले नाही. मुलीनं तिथं जायचा प्रश्नच नव्हता आणि शिवाय आमच्या घरात शनिवारची रात्र आधीच दुसऱ्या कुणाची तरी होती.

ते सांगायलाच हवं. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझे वडील, आप्पा, माथाडी होते. कांदा-बटाटा मार्केटात. मूळचे साताऱ्याकडचे, जसे मार्केटातले पुष्कळसे माथाडी असतात. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर गोणी. 'माथाडी' हा शब्दच माथ्यावरून आलाय. १९६९ च्या माथाडी कायद्यानं या माणसांना मंडळ मिळालं, हजेरी मिळाली, भविष्य निर्वाह निधी मिळाला आणि मसजिद बंदरचा बाजार खाडीपलीकडं आला तशी ही सगळी माणसंही इकडं आली. कोपरखैरणे, घणसोली इथल्या माथाडी वसाहतींत. आमची खोली त्यातलीच. आणि शनिवारी रात्री वसाहतीतल्या देवळात भजन. आप्पा पखवाज वाजवायचे.

दिवसभर गोण्या वाहिलेला तो हात पखवाजावर पडताना मी अगदी लहानपणापासून पाहिलाय. संध्याकाळी चपात्यांची कणीक मळताना आई एक गोळा बाजूला काढून ठेवायची. आप्पा तो गोळा पाण्याचा हात लावून पखवाजाच्या डाव्या अंगाला, धुमेवर, थापून बसवायचे. कणीक जास्त झाली की आवाज बसतो, कमी झाली की पोकळ येतो. ते थोडी काढायचे, थोडी लावायचे, मधे मधे एक थाप मारून कान द्यायचे. मग उजव्या बाजूचे गठ्ठे, म्हणजे लाकडी ठोकळे, हातोडीनं ठोकून शाईचा, म्हणजे कातड्यावरच्या काळ्या गोलाचा, सूर पेटीशी मिळवायचा. अर्धा तास तरी जायचा त्यात. तो अर्धा तास आम्हा मुलांना भजनापेक्षा जास्त आवडायचा.

नेरूळच्या मैदानावर आम्ही सव्वापाचला पोचलो. मनगटाला कागदी पट्टी बांधली, पाण्याची बाटली दारात काढून घेतली, आत धूळ आणि तळणीचा वास. दोन स्टेज होते. मोठा आणि छोटा. आमचा बँड छोट्यावर, सहा वीसला, पंचेचाळीस मिनिटं. असे कार्यक्रम हल्ली दुपारीच सुरू करतात, कारण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहाला लाउडस्पीकर बंद व्हावा लागतो. बारापर्यंतची सूट सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस देऊ शकतं आणि ते दिवस बहुधा सणांना जातात. म्हणून ज्यांचं नाव मोठं ते रात्री, ज्यांचं लहान ते उन्हात. आमचा बँड कसाबसा संध्याकाळपर्यंत सरकला होता.

छोट्या स्टेजसमोर तेव्हा दीडशे-दोनशे माणसं असतील. बहुतेक गवतावर बसलेली. आधीचा बँड उतरला आणि वीस मिनिटांत सगळं हलवायचं असतं. भाची मला हे सगळं समजावून सांगत होती. ही लाइन चेक. साउंड चेक दुपारीच होतो, आता फक्त प्रत्येक वायरीतून आवाज येतोय ना एवढंच बघायचं. काळे टी-शर्ट घातलेली पोरं वाकून पळत होती. आणि मग ड्रमर आला. लुकडा मुलगा, केस बांधलेले. तो बसला, स्नेअरवर, म्हणजे समोरच्या छोट्या ड्रमवर, एक काठी मारली, मान वाकडी करून ऐकलं, खिशातून काळ्या टेपचा तुकडा काढून कातड्याच्या कडेला चिकटवला. पुन्हा मारलं. तुकडा काढला, अर्धा फाडला, पुन्हा लावला.

माझ्या घशात काहीतरी आलं.

"त्यानं काय होतं?" मी विचारलं.

"घुमतो ना मावशी, नुसतं टंण्ण करत राहतो. टेप लावली की दाबला जातो, नेमका येतो. किकच्या आत तर उशी घालतात." म्हणजे तो जो मोठा, पायानं वाजवायचा ड्रम असतो, त्याच्या पोटात उशी. मला ते ऐकून फार बरं वाटलं. कणीक काय, टेप काय, उशी काय. वाद्याला हवं तेवढंच बोलू द्यायची ही सगळी घरगुती युक्ती.

सहा वीसला ते चौघं उभे राहिले. सूर्य नुकताच खाली गेला होता. पहिलं गाणं मला ओळखीचं होतं, मी रोज रबाळ्याच्या आसपास असताना ते लागतं. आणि ते तसंच होतं. हळू, नीट, जपून. माणसं बोलत होती. मागं कोणीतरी फोनवर कुणाला तरी गेट नंबर सांगत होतं. मला जी धास्ती होती तेच होत होतं. दुसरं गाणंही तसंच गेलं. गायकानं "थँक यू" म्हटलं, दहा-बारा टाळ्या पडल्या.

तिसऱ्याच्या आधी ड्रमरनं कानातलं काढलं.

एवढीच गोष्ट झाली. कानात जे छोटे इअरफोन असतात, वायर पाठीवरून गेलेली, ते त्यानं दोन्ही बोटांनी उपटून काढले आणि मानेवरून मागं टाकून दिले. भाचीनं माझा हात दाबला. "मावशी, त्यानं क्लिक काढली."

क्लिक म्हणजे मेट्रोनोम. टिक टिक टिक. रेकॉर्डिंग करताना प्रत्येकाच्या कानात ती असते, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळं वाजवलं तरी जुळतं. आणि स्टेजवरसुद्धा पुष्कळ बँड ती ठेवतात, कारण लॅपटॉपमधून आधीच भरून ठेवलेले आवाज येत असतात, त्यांच्याशी जमावं लागतं. मोठ्या स्टेडियमच्या कार्यक्रमांत तर दिवे, पडद्यावरची चित्रं, सगळंच एका घड्याळाला बांधलेलं असतं. एकदा घड्याळाला बांधलं की लय तिथल्या तिथं उभी राहते. बिघडत नाही. पण चढतही नाही.

तिसरं गाणं सुरू झालं. आप्पांनी मला बोटांवर मात्रा मोजायला शिकवलंय आणि ती खोड काही जात नाही. लोकलमध्ये हे गाणं मी कितीतरी वेळा मोजलंय. पंधरा सेकंदांत अठरा ठोके, म्हणजे मिनिटाला बहात्तर. निवांत बसलेल्या माणसाच्या नाडीसारखं. त्या दिवशी सुरुवातीलाच घड्याळाकडं बघून मोजलं तर एकवीस आले. पहिल्या कडव्यानंतर मोजणं सोडून दिलं. शेवटी शेवटी पुन्हा मोजलं तेव्हा चोवीस होते. बहात्तराचं गाणं शहाण्णवला पोचलं होतं आणि ते पळतंय असं एकदाही वाटलं नाही. धावत सुटणं आणि चढणं यात फार फरक असतो. धावत सुटलेल्या लयीत शेवटचे स्वर गिळले जातात, समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, धडपड होते. इथं प्रत्येक सम पूर्ण वजनानं पडत होती, फक्त पुढची थोडी लवकर येत होती.

भजन असंच चढतं. ज्यांनी रात्रभराचं भजन ऐकलंय त्यांना हे सांगावं लागणार नाही. आठ मात्रांचा साधा भजनी ठेका, सावकाश सुरू झालेला. बुवा चाल सांगतो, टाळकरी ध्रुपद उचलतात, पुन्हा, पुन्हा. आणि कुठंतरी, कोण सुरू करतं कळत नाही, लय हलते. पखवाजवाला लग्गीवर, म्हणजे जलद वाजवण्यावर, येतो. टाळ तर आधीच तिथं पोचलेले असतात. कोणी "आता वाढवू" म्हणत नाही. आप्पा मला म्हणायचे, "हाताकडं बघू नगंस. डोळ्याकडं बघ." ते स्वतः वाजवताना पखवाजाकडं कधीच बघायचे नाहीत. टाळकऱ्यांकडं बघायचे. एकापाठोपाठ एक, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आणि हेच ती चार पोरं करायला लागली होती. पहिल्या दोन गाण्यांत चौघंही समोर बघत होते, म्हणजे आमच्याकडं, म्हणजे कुणाकडंच नाही. आता बेस वाजवणारी मुलगी पूर्ण वळून ड्रमरसमोर जाऊन उभी राहिली. आमच्याकडं तिची पाठ. गिटारवाला दुसऱ्या बाजूनं आला. गायक माइक सोडता येत नाही म्हणून मान वळवून वळवून बघत होता. कानात घड्याळ नव्हतं, त्यामुळं पुढचा ठोका कधी पडणार हे कळायला एकमेकांकडं बघण्यावाचून दुसरा मार्गच उरला नव्हता. मला वाटतं त्या संध्याकाळचा सगळा जोर तिथून आला. आवाज वाढवल्यानं नाही, उड्या मारल्यानं नाही. ते तर नंतर झालं.

बेसबद्दल थोडं लिहिते, कारण हेडफोनमध्ये तो मला कधी ऐकूच आला नव्हता. बेस गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे एकेचाळीस वेळा थरथरते. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे त्या एका सुराची लाट आठ मीटरहून लांब होते. आमच्या कोपरखैरण्याच्या खोलीत ती मावणार नाही. कानात घालायच्या मटाराएवढ्या यंत्रातून तो सूर कानाला कळतो, पण अंगाला नाही. मैदानात तो बरगड्यांना येऊन लागतो, पायाखालच्या मातीतून वर येतो. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर ती मुलगी त्या तारेवर थांबली, एकच सूर, पुन्हा पुन्हा, आणि गवतावर बसलेली माणसं उठायला लागली. खरंच, त्या सुरानं माणसं उठवली. एक उठला, त्याच्या शेजारचे दोघं, मग ओळच्या ओळ. खाण्याच्या स्टॉलवरची पोरं हातातल्या प्लेटसकट आली. मोठ्या स्टेजकडं चाललेला घोळका वळला.

आणि मला राग आला.

हे लिहायला सोपं नाही, पण खरं तेच आहे. मला वाटलं, हे माझं गाणं आहे. हे असं वाजवायचं नाही. हे हळू आहे, हे एकटं आहे, याच्यावर कोणी हात वर करून नाचत नाही. शेजारची दोन मुलं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ओरडत गात होती, प्रत्येक शब्द पाठ असल्यासारखी, आणि मला त्यांना सांगावंसं वाटत होतं की तुम्हाला हे गाणं कळलेलंच नाही. भाचीसुद्धा उड्या मारत होती. मी दोन पावलं मागं सरकले. मग आणखी दहा. मग साउंडवाल्यांच्या तंबूच्याही मागं गेले. तिथून काठी पडताना आधी दिसते आणि आवाज मग येतो. सत्तर मीटरवर जवळपास सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढा उशीर होतो. डोळ्यांना एक दिसतंय, कानाला दुसरंच येतंय. त्या फटीत मी उभी होते.

आप्पा गेले ते २०२० च्या नोव्हेंबरात. तेव्हा अंत्यविधीला वीस माणसांपुरती परवानगी होती. घरचे, दोन्हीकडचे जवळचे नातेवाईक, वीस कधीच झाले. भजनी मंडळातले सगळे वसाहतीच्या गेटपाशी उभे राहिले, तोंडाला मास्क लावून, एकमेकांत अंतर ठेवून. चाळीसेक वर्षं त्यांनी आप्पांच्या ठेक्यावर टाळ वाजवले होते. त्या दिवशी कोणाच्या हातात टाळ नव्हते. गाडी गेटातून बाहेर गेली तेव्हा एकानं हात जोडले आणि जोडलेलेच ठेवले. दहाव्यालाही भजन झालं नाही. पुढं सगळं सुरू झालं तेव्हा आम्ही करू, करू म्हणत राहिलो, मंडळातले आणखी दोघं गेले आणि ते राहूनच गेलं. पखवाज माळ्यावर गेला. कणीक खरवडलेली, गवसणीत घातलेला.

त्यानंतर काही महिन्यांनी मला ही गाणी सापडली. अंत्यविधीतल्या त्या शांततेसारखीच शांत. मला वाटलं, हे बरोबर आहे. हेच माझं. चार वर्षं मी त्या शांततेला आप्पांची आठवण समजत होते.

आणि आप्पा तर शांत माणूस नव्हतेच! पखवाज मांडीवर आल्यावर तर नाहीच. लग्गीवर आले की त्यांचा पंचा खांद्यावरून गळायचा, कपाळावरचा बुक्का घामानं नाकापर्यंत यायचा, अर्धवट उठून गुडघ्यावर यायचे ते. एकदा सप्ताहात पहाटे तीनला त्यांनी अशी लय चढवली होती की बायकांच्या बाजूला आईनं पदर खोचून टाळ घेतला होता. मी सात-आठ वर्षांची असेन, तिच्या मांडीवरून उठवली गेले म्हणून रडत होते. ते दोघं त्या गर्दीतून एकमेकांकडं बघून हसत होते. हे मी कुठं ठेवून दिलं होतं, कुणास ठाऊक. साउंडच्या तंबूमागं, धुळीत, अर्ध्या उजेडात ते परत आलं.

मी पुढं गेले. ढकलत गेले म्हटलं तरी चालेल. चौथं की पाचवं गाणं होतं, मला आठवत नाही, मोजायचं सुचलं नाही. भाचीनं मला ओढून पुढं घेतलं. स्टेजपासून पंधरा-वीस फुटांवर काठी आणि आवाज एकाच क्षणी येतात. समोरची माणसं आता हजाराच्या पुढं असावीत आणि ती टाळ्या वाजवत होती. नुसत्या शाबासकीच्या नाही, ठेक्याच्या. ड्रमरच्या लक्षात आलं. त्यानं हात थांबवले, काठ्या हवेत धरल्या आणि फक्त आमच्या टाळ्या राहिल्या. इतक्या लोकांच्या टाळ्या मोकळ्या मैदानात कधी एकत्र राहत नाहीत, मागचे मागंच पडतात, ते अंतरच तसं असतं. आमच्याही पडल्या. लाट आल्यासारख्या, पुढून मागं. तो ऐकत होता. गायक, बेसवाली, गिटारवाला, कोणी वाजवत नव्हतं. सगळे त्याच्याकडं बघत होते आणि तो आमच्याकडं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग त्यानं पुढच्या ओळीची टाळी पकडली आणि समेवर चौघं एकदम आले.

मी ओरडले. काय ओरडले ते सांगते: "वा आप्पा!" भाचीनं माझ्याकडं पाहिलं, काही बोलली नाही.

सात वाजून पाच मिनिटांनी त्यांना उतरावं लागलं. मागं पुढच्या बँडची पोरं वायरी गुंडाळायला उभीच होती. गायकाचा आवाज बसला होता, त्याला धड आभारही मानता आले नाहीत. ड्रमर स्टुलावरून उठला, स्नेअरवरचा टेपचा तुकडा नखानं सोडवला आणि काठ्यांवर गुंडाळून खिशात टाकला. आप्पाही शेवटी आधी कणीकच काढायचे. ओली असतानाच निघते चांगली.

रात्रीचे मोठे बँड आम्ही ऐकले नाहीत. भाचीला ऐकायचे होते, पण ती माझ्याकडं बघून "चल, आजीकडं जाऊ" म्हणाली. नेरूळहून ठाणे गाडी पकडली. डबा रिकामा होता. जुईनगर सुटलं तशी तिनं सीटच्या कडेवर बोटांनी तेच गाणं वाजवायला घेतलं, त्या दिवशीच्या लयीत, आणि तुर्भ्याच्या आत मी तिला भजनी ठेका शिकवला. डावा हात कुठं, उजवा कुठं. तिचा डावा उशिरा पडत होता. कोपरखैरण्याला उतरेपर्यंत बरा पडायला लागला.

दुसऱ्या दिवशी रविवार. आई मेथी निवडत बसली होती. आईला आता कमी ऐकू येतं. तिनं विचारलं, काल काय बघितलंत एवढं? मी तिला सांगायचा प्रयत्न केला, जमेना, म्हणून फोनवर ते तिसरं गाणं लावून फोन तिच्या कानाशी धरला. मूळ गाणं, रेकॉर्डिंगमधलं. बहात्तरच्या लयीतलं. तिनं पूर्ण ऐकलं, मेथीची जुडी हातात तशीच.

"चांगलं हाय," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पर ह्येंच्यात टाळ धराय कोन न्हाई व्हय गं?"

"काल होते, आई. हजारभर होते."

"मंग कालचंच लाव की."

भाचीच्या फोनमध्ये चाळीस सेकंदांचा व्हिडिओ होता, त्या टाळ्यांचा. आवाज फाटलेला, चित्र हलणारं, मधेच कुणाचं तरी डोकं. तिनं तो लावला आणि आजीच्या शेजारी जाऊन बसली. टाळ्या आल्या, मागं पडल्या, पुन्हा आल्या. आईनं जुडी परातीत ठेवली.

"आवाज मोठा कर," ती म्हणाली.